चाकणला जाऊन समुद्र पाहिला

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मुलगा परदेशात असेल तर तिकडे जाऊन बर्फाचे फोटो पाठवतात. मी चाकणला जाऊन आलो, आणि तेही समुद्र समजून घ्यायला. माझं घर समुद्राच्या इतकं जवळ आहे की उधाणाच्या दिवसांत अंगणातल्या तुळशीवर मीठ चढतं. तरीही समुद्राची खरी माहिती घेण्यासाठी मला घाट चढून चाकणला जावं लागलं, यावरून तिथल्या लोकांचा समुद्राचा अभ्यास किती दांडगा असेल हे ओळखावं. चाकणपासून सर्वात जवळचं खारं पाणी म्हणजे लोणच्याच्या बरणीतलं.

प्रकार असा की आमच्या किनाऱ्यासमोर, भर समुद्रात, पवनचक्क्या उभ्या करायचं चाललं आहे. डोंगरावर दिसतात तशाच, पण पाण्यात पाय रोवून. वीज होईल, धूर होणार नाही, पोरांना कामं लागतील, असं सांगतात. यात वाईट काही नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि खारे वारे व मतलई वारे यांवर दरवर्षी टिपा लिहून घेतल्या. त्या वाऱ्यांना अखेर नोकरी लागते आहे, याचा मला आनंदच आहे. प्रश्न एवढाच होता की खांब नेमके कुठे रोवायचे. त्यासाठी आमच्या मच्छीमार सोसायटीला कंपनीचं पत्र आलं. तीन प्रतिनिधी अभ्यासदौऱ्यावर पाठवा, आपण मासे कुठे धरता ती जागा नकाशावर दाखवा, म्हणजे ती सोडून बाकीच्या ठिकाणी खांब घेऊ. जागा दाखवली नाही, तर तिथे मासेमारी होत नाही असं समजण्यात येईल.

सोसायटीचा सेक्रेटरी मी, कारण पत्राला उत्तर लिहिणारा गावात मीच उरलो आहे. दुसरे हसनमियां, आमच्या बंदरातले सर्वात जुने तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात आणि बोटीवरच्या सगळ्यांचे जीवही. तिसऱ्या यमुनाबाई, बाजारात मासे विकणाऱ्या बायकांच्या पुढारी. त्यांना कुणी निवडलं नव्हतं. त्या गाडीत येऊन बसल्या. गावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही, आणि का ते वाचकांना वाचता वाचता कळेल.

पहिला दिवस, चाकण

पावसाळी बंदी होती, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होत्या, त्यामुळे वेळ भरपूर. कंपनीनं गाडी पाठवली होती. चालक बबनराव, मूळचे पुनावळ्याचे, कपाळाला बुक्का आणि तोंडात सतत वेलदोडा. घाटाचं वर्णन करत नाही. यमुनाबाईंनी तो सबंध घाट डोळे मिटून आणि पिशवी तोंडाशी धरून पाहिला, आणि मी त्यांच्या शेजारी होतो.

चाकणच्या चौकात गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला नव्याकोऱ्या मोटारी लादलेला ट्रक. त्या मोटारीही बिचाऱ्या जन्मल्या जन्मल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या. बऱ्याच वेळानं हसनमियांनी विचारलं, "नांगर टाकलाय काय?"

"चाचा, हे न्हेमीचंच हाय," बबनराव म्हणाले. "शिफ्ट सुटली का आमी डबा हिथंच खातो."

कंपनीच्या फाटकावर आमची नावं, फोन आणि रक्तगट लिहून घेतले. आमच्याकडे पाहुणा आला की आधी विचारतात, जेवलास का? इथे रक्तगट विचारतात. मग प्रत्येकाला एक पिवळं हेल्मेट, एक जोडी लोखंडी टोकाचे बूट आणि प्लास्टिकात गुंडाळलेली फुलं मिळाली. यमुनाबाईंनी फुलं सोडवून अंबाड्यात खोवली आणि वरून हेल्मेट घातलं. बूट त्यांनी काखेत घेतले. जन्मात कधी वहाण न घातलेली बाई. सुरक्षा अधिकाऱ्यानं पाच मिनिटं समजूत घातली आणि मग तो दुसरीकडे पाहू लागला.

कारखाना मात्र पाहण्यासारखा होता, इथे थट्टा करत नाही. पोलादाची एकेक कडी इतकी मोठी की आमची बोट तिच्यातून शिडासकट निघून जावी. अशा कड्या एकमेकींना जोडून समुद्राच्या तळात जाणारा खांब होतो. जोडणारे कामगार बीडचे, लातूरचे, बिहारचे. हसनमियांनी एका सांध्यावरून बोटं फिरवली, डोळे मिटून, बोटीचा तळ तपासावा तशी, आणि म्हणाले, "पाणी शिरायचा नाय." वेल्डर लातूरचा होता. त्यानं विचारलं, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का हो?" त्याच्या हातचं काम साऱ्या जन्मभर त्या पाण्यात उभं राहणार होतं.

जेवण होतं पनीरचं. शेवटी समारोपाला म्हणून पनीरचीच भजी होती. यमुनाबाईंनी एक तुकडा उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि काटा कुठे आहे ते विचारलं.

मग थंडगार सभागृह. टेबलावर हातभर उंचीची पवनचक्की गरगरत होती. तिची वायर मागच्या प्लगमध्ये गेलेली होती.

"ही वीज देते का खाते?" यमुनाबाईंनी विचारलं.

"मॅडम, हे फक्त मॉडेल आहे," समन्वयक साहेब हसून म्हणाले. समन्वय साधणं हे त्यांचं काम होतं आणि कुणाचा कुणाशी ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही. त्यांनी पडद्यावर आमचा समुद्र दाखवला. निळा, सपाट, कोरा. त्यावर आडव्याउभ्या रेघा आणि रेघांवर आकडे. काठावरची आमची गावं नखाएवढी, नावाशिवाय. तीस वर्षं मुलांना नकाशा भरायला लावणारा मी, मला त्यात आमचं बंदर सापडेना. आमच्या समुद्रात किती नावं आहेत! खडकांना नावं, गाळाला नावं, एका भोवऱ्याला तर एका सासूचं नाव आहे. चाकणला पोचेपर्यंत सगळी धुऊन गेली होती.

संगणकाशी एक मुलगी बसली होती. अर्चना, परभणीची इंजिनिअर. "काका, तुम्ही मासे धरता तिथं फक्त बोट ठेवा," ती हसनमियांना म्हणाली. "मी खूण करते."

हसनमियांनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेले, किनाऱ्याच्या रेषेवरून नजर फिरवली आणि न अडखळता एका जागी बोट ठेवलं. अर्चनानं तिथे लाल ठिपका काढला. मग तिनं आधी येऊन गेलेल्या दहा गावांचे ठिपके पडद्यावर आणले. सगळे त्याच जागी, एकावर एक.

साहेब उभेच राहिले. "एक्सलंट! अकरा गावं आणि लोकेशन एकच! डेटा किती कन्सिस्टंट आहे बघा! हा सगळा पट्टा आपण मासेमारीसाठी राखीव ठेवतोय. उद्या दुपारी बाराला फाइल वर जाईल."

कागदावर आमच्या तिघांच्या सह्या झाल्या आणि मी टाळ्या वाजवल्या. मला खरोखर अभिमान वाटला. यमुनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्यांना असा ठसका लागला की पाणी आणावं लागलं.

"पण काका," अर्चनानं विचारलं, "अकरा गावच्या बोटी एकाच जागी जातेत, तर भांडणं नाही होत का?"

"समुद्र मोठा हाय, बाय," हसनमियां म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्याच दिवशी, दापोडी

हसनमियांचा मुलगा इरफान दापोडीला असतो. रेल्वेच्या रुळांजवळ एका गल्लीत त्याचं गॅरेज आहे. बोटीचं इंजिन खोलता खोलता त्याचा हात बसला, आणि हात बसल्यावर तो इकडे निघून आला. आता तो कारखान्यांतले फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. बोलणंही इकडचं झालं आहे. गल्लीत सगळे त्याला भावा म्हणतात आणि तो सगळ्यांना राव म्हणतो.

बापासाठी त्यानं सुरमई आणली होती. यमुनाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन तिचे कल्ले उघडून पाहिले. "ही बर्फात किती दिवस बसलीवती? मेल्यांनो, हिला आता पेन्शन द्या." तरी सुनेनं कालवण असं केलं होतं की त्यांनी दोनदा भात घेतला आणि तिसऱ्यांदा फक्त वास घेतला. पनीरच्या दिवसानंतर त्या सुरमईनं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं.

जेवताना मी मोठ्या उत्साहानं ठिपक्यांची गोष्ट सांगितली. इरफान जेवायचा थांबला आणि बापाकडे पाहत राहिला.

"अब्बा, खडप खरंच दाखवलं?"

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. मासे त्याच्या आसऱ्यानं राहतात, आणि आमच्या गावाचं अर्धं पोट त्या एका खडपावर आहे. ते कुठे आहे हे फक्त तांडेलाला माहीत असतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत येतात, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन खुणा दुसऱ्या रेषेत येतात, आणि जिथे त्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे जाळं टाकायचं. या खुणा तांडेल कुणालाही सांगत नाही, बायकोला नाही, भावाला नाही. जो सुकाणू हाती घेईल त्यालाच, आणि तेही पाण्यावर नेऊन, दाखवून. आता बोटीवर जीपीएस आलं आहे, पण खडप जवळ आलं की हसनमियां ते बंद करतात.

"भात खा," हसनमियां म्हणाले.

"मला सांगा ना, मी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवतो. उद्या तुम्हाला काय झालं तर, राव..."

"तू सुकाणू धरशील?"

इरफान पुन्हा भात कालवू लागला. बाहेरून लोकल धडधडत गेली आणि मांडणीतले पेले वाजले. मला त्या दोघांबद्दल वाईट वाटलं, आणि मी आपला कालवणाची तारीफ करू लागलो.

दुसरा दिवस, पुनावळे

रात्री पुनावळ्याला हायवेच्या कडेच्या लॉजवर मुक्काम होता. पुनावळे हे पूर्वी गाव होतं. आता तिथे आभाळाला लागलेल्या इमारती आहेत आणि त्यांतल्या एका संकुलाच्या नावात चक्क समुद्राची झुळूक आहे. सकाळी मी गच्चीत उभा राहून ती झुळूक शोधली. डिझेलचा वास आला.

आम्ही घरी निघालो. कोपऱ्यावर बबनरावांनी वेग कमी केला, रस्त्याच्या दुभाजकाला हात जोडले आणि पुढे निघाले. दुभाजकात दोन वाळकी कण्हेरीची झाडं होती.

"देव हाय का हितं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"न्हाई ओ. हीर हाय आमची. दुभाजकाच्या खाली." बबनराव आरशातून मागे बघत सांगू लागले. "रस्त्याच्या मोजणीला लोक आलते, नकाशा घिऊन. माझ्या बाला म्हन्ले, शीव दावा, हीर कुठं ती दावा. बा म्हन्ला, परक्याला खरी शीव कशाला दावायची? त्यानं आपली दोन वावरं सोडून पल्याड दावली. मोजणीवाल्यांनी तिथली जागा इमानदारीत सोडली बगा. आन् रस्ता आनला तो बरूबर हिरीवरनं." त्यांनी गिअर बदलला. "बा चौदा वर्सं जगला त्यापुढं. ह्या रस्त्यानं एकदाबी गेला न्हाई."

हसनमियांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"मास्तर," ते म्हणाले, "मी काल खडप नाय दाखवला."

"मग काय दाखवलंत?"

"म्हातारीचा गाळ."

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही बंदरात कुणीही विचारलं, मासळी कुठे लागली, तर तांडेलाचं उत्तर ठरलेलं असतं: म्हातारीच्या गाळात. त्या गाळात शेवाळ आणि फाटकी जाळी याशिवाय काही नाही. खोटं सांगितलं अशी भावनाही त्याच्या मनात नसते. तो एक नमस्कारासारखा रिवाज आहे. विचारणाऱ्यालाही ते माहीत असतं. चाकणच्या साहेबांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

"आणि बाकीची दहा गावं?"

यमुनाबाईंना आता पदर आवरेना. "अहो, सगल्या तांडेलांनी त्यांना म्हातारीकडेच धाडलान! म्हून तर माझा ठसका थांबत नव्हता!"

म्हणजे कंपनी म्हातारीचा गाळ मोठ्या आदरानं राखून ठेवणार होती, आणि बाकी सगळा समुद्र, खडपासकट, खांबांना मोकळा होता. वर आमच्या तिघांच्या सह्या. मी तर टाळ्याही वाजवल्या होत्या. मला इतका संताप आला की मी हसनमियांवर ओरडलो, वयाचा मानही ठेवला नाही.

ते शांतपणे म्हणाले, "आदत हाय, मास्तर. बोट आपोआप गेला. रात्रभर डोळा नाय लागला माझा." मग पुढे वाकून त्यांनी बबनरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, बोट फिरव."

पुन्हा चाकण

बाराला फाइल वर जाणार होती. वाचकांना धाकधूक वाटावी म्हणून सांगतो, आम्ही सव्वाअकराला पुन्हा त्याच चौकात, बहुधा त्याच कंटेनरच्या मागे उभे होतो. शेवटी यमुनाबाई उतरल्या, अनवाणी चौकाच्या मध्यभागी गेल्या आणि मासळीबाजारात वापरतात त्या आवाजात बोलू लागल्या. काय बोलल्या ते छापता येणार नाही. कंटेनर हलला.

साहेबांना आम्हाला पाहून आनंद झाला नाही. "पण सर, डेटा तर फ्रीझ झालाय."

"वितळवा," मी म्हटलं. माझ्यातला मास्तर जागा झाला होता. "अकराच्या अकरा गावांनी तुम्हाला थाप मारली आहे आणि तुम्ही तिला शंभर गुण दिलेत."

साहेबांनी टाय सैल केला. अर्चनानं मात्र पडद्याकडे पाहिलं, एकावर एक बसलेल्या ठिपक्यांकडे, आणि तिला हसू फुटलं. "मी काल म्हणलंच होतं सर, भांडणं कशी होत नाहीत."

हसनमियां म्हणाले, ते खरी जागा सांगतील, पण सगळ्यांनी बाहेर जायचं. साहेबांनीसुद्धा. मीसुद्धा.

"आणि मुली, तू समुद्र पाहिलास?"

"नाही काका. आमच्याकडं विहिरीला पाणी असलं तरी बघायला जातेत लोक."

हसनमियांनी मान डोलावली. "मंग बरा हाय," म्हणाले. "तू जालं टाकायला जायची नाय."

आम्ही काचेच्या केबिनबाहेर उभे राहिलो. आवाज येत नव्हता. हसनमियां खुर्चीवर बसले नाहीत, पाय फाकवून उभे राहिले, लाटेवर उभे राहतात तसे. त्यांनी उजवा हात लांब केला आणि बोटानं काहीतरी दाखवलं, मग त्याच्या मागचं काहीतरी. डावा हात दुसरीकडे गेला. अर्चनाची मान पडद्याकडून त्यांच्या हाताकडे आणि पुन्हा पडद्याकडे वळत होती. मग ते दोन्ही हात तसेच पसरून थांबले. वाडवडिलांपासून बापानं फक्त मुलाला सांगितलेली गोष्ट ते परभणीच्या एका मुलीला सांगत होते, चाकणच्या एका केबिनमध्ये. माझा राग तिथेच संपला. साहेब शेजारी उभे राहून घड्याळ बघत होते आणि मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं.

हसनमियां बाहेर आले तेव्हा दमलेले दिसत होते. "आता ता तिच्याकडे हाय," एवढंच बोलले. परतीच्या वाटेवर पुनावळ्याला बबनरावांनी दुभाजकाला हात जोडले, तेव्हा हसनमियांनीही जोडले.

घरी

महिन्यानं आमच्या समुद्राचा दुरुस्त नकाशा आला; बाकीच्या दहा गावांना पुन्हा बोलावणं गेलं होतं. बरोबर अर्चनाचा फोन.

"गुरुजी, काकांना सांगा, मी जागा टाकलीच नाही. ती फाइल कितीतरी लोकांकडं जाते. मी आपला मोठ्ठा पट्टा आखला आणि कारण लिहिलं, तळ खडकाळ, पाया बसणार नाही. खोटं नाही ते. आता त्यात खांब येत नाहीत, आणि त्यात नेमकं कुठं काय आहे ते मी कोणालाच सांगणार नाही. साहेबांनी विचारलं होतं, तेव्हा काकांनी त्या दिवशी शिकवलेलंच सांगितलं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हातारीचा गाळ."

मी बंदरावर जाऊन हसनमियांना हे सांगितलं. बंदी उठत आली होती, ते बोटीला रंग देत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "पोरगी तांडेल हाय." त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी आजवर कुणाची ऐकलेली नाही, इरफानची तर नाहीच.

मग मी नकाशा वाळूवर पसरला. हिरवा राखीव पट्टा आंबोळीसारखा वेडावाकडा पसरला होता. एवढं सगळं एकत्र भोगल्यावर आपल्याला विचारायचा हक्क आहे, असं मला वाटलं. "हसनमियां, आता मला तरी सांगा. यात खडप कुठे?"

त्यांनी चष्मा लावला, किनाऱ्याच्या रेषेवरून नजर फिरवली आणि न अडखळता एका जागी बोट ठेवलं. ते हिरव्या पट्ट्याच्या चांगलंच बाहेर होतं, चाकणला लाल ठिपका पडला होता त्याच जागी.

"वाटलंच मला," मी म्हटलं, आणि नकाशाची घडी घातली.